गणपतीपर्यंतची ठेव

व्याजदर कमी झाल्याची बातमी आमच्या घरात दोन ठिकाणी ऐकली जायची. लालबागला बाबा ऐकायचे आणि बदलापूरला माझा धाकटा भाऊ. टीव्हीवरची बाई दोघांनाही हसून सांगायची की आनंदाची बातमी आहे, गृहकर्जाचा हप्ता उतरणार. भाऊ लगेच फोन लावायचा.

"बाबा, ऐकलंत का?"

"ऐकलंय. म्हणजे माझ्या ताटातली भाकरी तुझ्या ताटात गेली. असांदे, घरातच रवली."

दोघंही हसायचे. मी दुसऱ्या दिवशी बँकेचा नवा दर बघायचे आणि बाबांच्या ठेवींच्या तक्त्यात आकडे बदलायचे. घरात असली कामं माझ्याकडे असतात. कोणाचा विमा कधी भरायचा, गॅस कधी लावला, कोणाच्या चष्म्याचा नंबर काय, हे सगळं मी लिहून ठेवते. याद्या केल्या की मला बरं वाटतं. निदान तेव्हा वाटायचं.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर एका छापखान्यात पॅकिंगला लागले आणि तिथूनच घरी बसले. पेन्शन म्हणावं असं काही नव्हतं. होती ती चाळीतली एक खोली. चाळ पाडली, काही वर्षं आईबाबांनी काढली चिंचपोकळीच्या भाड्याच्या खोलीत, आणि चाळीच्याच जागेवर टॉवर उभा राहिल्यावर ते सतराव्या मजल्यावर राहायला गेले. घराबरोबर बिल्डरने प्रत्येक भाडेकरूला एक ठोक रक्कम दिली. तिला सगळे कॉर्पस म्हणत. हिशोब साधा होता. ही रक्कम बँकेत ठेवायची, तिच्या व्याजातून टॉवरचा मेंटेनन्स भरायचा आणि मुद्दलाला हात लावायचा नाही. चाळीत भाडं इतकं कमी होतं की ते आठवणीने भरावं लागे. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, वॉचमन, जिन्यातले दिवे, सगळ्याचं बिल येणार होतं.

मी म्हटलं, एकाच ठिकाणी सगळं नको, वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवी करू, म्हणजे दर थोड्या महिन्यांनी एखादी पिकेल. बाबांना ते पटलं. पण पावतीवरचे नंबर त्यांच्या लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी ठेवींना नावं दिली. सगळ्यात मोठी ती मेंटेनन्सवाली. तिच्या खालोखाल औषधवाली. एक होती माहेरपणाची, तिच्या व्याजातून दिवाळीला मला साडी यायची. आणि एक गणपतीवाली. बँकेतल्या मुलीलाही हीच नावं पाठ झाली होती. "काका, आज कोण पिकली?" असं ती विचारायची.

संध्याकाळी खाली लॉबीतल्या बाकावर चाळीतलीच तीन-चार माणसं बसायची. पूर्वी जिन्यावर बसत, आता ग्रॅनाइटवर. शेजारचे काका पेपरातलं अर्थकारणाचं पान मोठ्याने वाचायचे. ते बाबांच्याच गावाकडचे, छापखान्यातही बरोबर होते.

"ऐक रे. परत कापल्यानी."

"किती?"

"पाव टक्को."

"आमचीच हजामत कित्याक करतत? डोक्यार केस तरी होये!"

"आपल्याक अर्धो टक्को जास्त देतत ना, केस पिकले म्हणान."

"मगे टकल्याक एक टक्को देवक होयो."

एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये टाय लावलेला एक मुलगा गुंतवणुकीबद्दल सांगायला आला होता. चहा-बिस्किटं होती म्हणून सगळे गेले. मुलगा चांगला होता, समजावून सांगत होता. ठेवींवर अवलंबून राहू नका, महागाई व्याज खाऊन टाकते, थोडे पैसे बाजारात लाँग टर्म ठेवा. बाबांनी हात वर केला.

"लाँग टर्म म्हणजे किती वर्षां?"

"दहा-पंधरा धरा, काका."

"तेवढी माका दितंस की पैशांका?"

सगळा हॉल हसला. मुलगाही हसला. मी त्याची पुस्तिका पिशवीत घातली आणि घरी येऊन वाचली. तो चुकीचं काही सांगत नव्हता. फक्त ते पन्नाशीतल्या माणसासाठी होतं, म्हणजे माझ्यासाठी.

सगळ्या ठेवींच्या मुदती मी ठरवल्या होत्या, एक सोडून. गणपतीवालीत बाबांनी मला पडू दिलं नाही. "ही माझी." टॉवरमधल्या पहिल्या गणपतीच्या आदल्या दिवशी ते एकटे बँकेत गेले आणि वर्षाची मुदत करून आले. गणपती वर्षाने येतो, ठेव वर्षाने पिकेल. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

पुढच्या श्रावणात मी गेले तेव्हा ते टेबलावर एका हाताला पावती आणि दुसऱ्या हाताला भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसले होते. गणपती अकरा दिवस अलीकडे आला होता. ठेव पिकणार होती विसर्जनानंतर. पन्नास वर्षं तिथी बघून गावी पत्रं पाठवणारा माणूस बँकेत गेल्यावर इंग्रजी तारखेवर विसंबला होता.

"बाबा, मोडून टाकू. थोडं व्याज जाईल, एवढंच."

"मुदतीआधी मोडूची नाय."

"मग मी देते. ठेव पिकली की मला परत द्या."

"लेकीच्या पैशान गणपती आणू? तू गप रव."

ही गोष्ट लॉबीत पोचायला वेळ लागला नाही. शेजारचे काका म्हणाले, "गणपतीक कळव, अकरा दिवस खयतरी थांब म्हणान. आमच्या ह्येची एफडी अजून पिकूक नाय." बाबा चिडले, मग त्यांनाच हसू आलं. शेवटी काकांनीच पैसे दिले. पाच दिवसांचा गणपती पाच दिवसच बसला, मूर्तीसाठीचा पाट वेळेवर कारखान्यात गेला, मोदकांत खोबरं कमी पडलं नाही. ठेव पिकली त्या दिवशी बाबांनी बँकेतून थेट काकांच्या घरी जाऊन पैसे दिले आणि वर एक नारळ ठेवला. मग उरलेल्या रकमेची परत ठेव केली. या वेळी आधी भटजींना विचारलं. पुढच्या वर्षी अधिक महिना होता, गणपती उशिरा येणार होता. वर्षाची मुदत केली तर पैसे आठवडाभर आधी हातात. घरी येऊन त्यांनी पावती मला दाखवली.

"एकदा चुकलंय. आता नाय."

दिवाळीनंतर शेजारचे काका गावी गेले. घर भाड्याने देऊन. मेंटेनन्स परवडत नाही असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही, हवा बदलायला जातो म्हणाले. जाताना अर्थकारणाचं पान वाचायचं काम त्यांनी बाबांवर सोपवलं. बाबांनी दोन-चार दिवस वाचलं. ऐकायला एकच माणूस उरला होता आणि त्याला कमी ऐकू यायचं.

त्याच थंडीत बाबा आजारी पडले. परळच्या हॉस्पिटलात मी आणि भाऊ आळीपाळीने बसायचो. औषधवाली पहिल्याच आठवड्यात मोडली. ती त्यासाठीच होती, तिचं कोणाला वाईट वाटलं नाही. मग बिल वाढलं. भाऊ म्हणाला मी बघतो, मी म्हटलं मी बघते. बाबा डोळे मिटून पडले होते, आम्हाला वाटलं झोपलेत. त्यांनी हाताने मला जवळ बोलावलं.

"माहेरपणाची मोडतंय गो. राग धरू नको."

मी म्हटलं, "बाबा, साड्या कपाटात मावत नाहीत माझ्या." ते हसले की काय, मास्कमुळे कळलं नाही. ते माझ्याशी शेवटचं बोलले ते हेच.

ते गेल्यावर बँकेची कामं मी एका सकाळीत संपवली. सगळ्या ठेवींवर आईचं नाव होतं, वारस नोंदवलेले होते, कागद एका फाइलीत क्रमाने लावलेले होते. बँकेतली मुलगी म्हणाली, "ताई, इतकं व्यवस्थित कोणाचंच नसतं." मी थँक्यू म्हटलं. बाहेर येऊन रस्ता ओलांडायला उभी राहिले आणि बराच वेळ ओलांडता आला नाही.

त्यानंतर मेंटेनन्सवाली पिकली आणि नव्या दराने परत ठेवली. त्याच सुमाराला सोसायटीची नोटीस आली. लिफ्टचा करार नवा झाला होता, पंप बदलला होता, एप्रिलपासून मेंटेनन्स वाढणार होता. व्याज खाली आलं, बिल वर गेलं आणि मधे आई उभी. मी मेंटेनन्सवालीतले होतील तेवढे पैसे पोस्टाच्या ज्येष्ठांच्या योजनेत हलवले, तिथे दर बरा होता. तरी अंतर भरून निघेना.

आईला ते घर सोडायचं नव्हतं. तिने हे एकदाच सांगितलं.

"माका हयच रवाचा आसा."

घराचं तिला फार कौतुक होतं असं नाही. सतराव्या मजल्यावरून तिला चक्कर यायची, खिडकीचा पडदा ती अर्धाच उघडायची. पण खाली उतरलं की तिचं जग होतं. मिरची गल्लीत तिचा मसाला तिने काही न सांगता त्याच मापाने दळला जायचा. कोळीण तिच्यासाठी बांगडे बाजूला ठेवायची. रस्त्यात तिला कोणीतरी "काकी" म्हणून हाक मारायचंच. आणि बाबा हॉस्पिटलात गेले ते त्याच घरातून.

भावाने फोन केला. "ताई, दर उतरलाय. माझा हप्ता जेवढा कमी होईल तेवढे मी दर महिन्याला आईला देतो. बाबा म्हणायचे ना, भाकरी घरातच राहिली. आता परत देतो."

मला इतकं बरं वाटलं की मी तो आकडा लगेच तक्त्यात घातला. पुढच्या आठवड्यात त्याचा परत फोन.

"ताई, हप्ता तोच आहे गं."

"म्हणजे?"

"बँक म्हणते कर्जाची मुदत कमी केली. काही महिने आधी फिटेल. खिशात काहीच आलं नाही."

"मग मुदत नको, हप्ता कमी करा म्हणून सांग त्यांना."

"सांगितलं. अर्ज करा, फी भरा, मग बघू म्हणतात. आणि पोराची कॉलेजची फी याच महिन्यात आहे." मग म्हणाला, "मी तरी पाठवीन. बघतो."

त्याने दोन महिने पाठवले. तिसऱ्या महिन्यात आईनेच त्याला ते परत केले. त्या बातमीतली भाकरी बाबांच्या ताटातून गेली होती हे खरं. ती कोणाच्या ताटात पडली ते मला आजही कळलेलं नाही.

मग मी एका रविवारी अँटॉप हिलहून कागद-पेन घेऊन आईकडे गेले. आम्ही तिथे माझ्या नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. तो दोन वर्षांत रिटायर होईल, तेव्हा आम्हालाही घर सोडायचंय. म्हणजे आई आमच्याकडे आली तरी तिला परत एकदा सामान बांधावं लागलं असतं. सगळे मार्ग मी एकाखाली एक मांडले होते. आई टेबलावर कोपरं ठेवून ऐकत होती.

"मी लिफ्टीन जायत नाय असा सांग त्यांका. त्येचे कमी करतीत?"

"आई, सतरावा मजला आहे."

"मगे खाली उतरूचीच नाय."

"मसाला आणायला?"

तिने हातानेच पुढचं वाच म्हणून खुणावलं. मी पुढे गेले. एक मार्ग होता घर भाड्याने देऊन बदलापूरला जायचा. भाड्यात मेंटेनन्स भागला असता आणि हातात थोडं उरलंही असतं. दुसरा मार्ग होता इथेच राहायचा आणि दर वर्षी मुद्दलातून थोडं थोडं काढायचा. तो हिशोब मी अर्धवट सोडला होता. मुद्दल किती, व्याज किती, खर्च किती, हे सगळं भरून झालं होतं. एक रकाना राहिला होता. पैसे किती वर्षं पुरवायचे, हा. बँकेच्या पुस्तिकेत त्याला सरळ नाव असतं, कालावधी. माझ्या आईच्या बाबतीत तो रकाना मी कसा भरणार होते?

आईने कागद स्वतःकडे ओढला. तिला आकडे नीट वाचता येतात.

"हय काय लिवाचा ऱ्हवला?"

"काही नाही. वर्षं."

"कसली?" मग तिला कळलं. "मी किती वर्षां जगतलंय असा धरलंस?"

"आई, सोड ना ते."

"सांग."

"नव्वद धरलं होतं."

"मगे पैसे पुरूचे नाय."

"नाही पुरत."

तिने थोडा विचार केला. बाजारात भाव करताना करते तसा.

"ऐंशी धर. मगे हय रवता येतला ना?"

आईला तेव्हा चौऱ्याहत्तरावं चालू होतं. हिशोब मला तोंडी येत होता. राहता येत होतं. ऐंशी धरलं असतं तर सगळं नीट बसत होतं.

मी पेन खाली ठेवलं. मी रडायला लागले तर तीच मला म्हणाली, "रडतंस कित्याक? असांदे. बदलापूर तर बदलापूर."

पावसाळ्यात भाडेकरू मिळाला. एक तरुण जोडपं, दोघंही लोअर परळला नोकरीला. चांगली माणसं होती. मुलीने आईला विचारलं, "आजी, जवळ कुठे काय चांगलं मिळतं?" आईने तिला मिरची गल्लीतलं दुकान सांगितलं, कोळणीची बसायची जागा सांगितली, आणि "माझं नाव सांग" असंही म्हणाली.

सामान न्यायच्या आदल्या आठवड्यात गणपतीवाली पिकली. बाबांचा हिशोब या वेळी अगदी बरोबर होता. पैसे गणपतीच्या आठवडाभर आधी हातात आले. फक्त त्या वर्षी आमच्याकडे गणपती नव्हता. बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, आमच्याकडे वर्षाच्या आत आणत नाहीत. कारखान्यात पाट गेला नव्हता. तो माळ्यावरून काढून आईने जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता, टेम्पोत नको म्हणाली, हातात धरून नेईन.

आम्ही दोघी बँकेत गेलो. खिडकीत तीच मुलगी होती. तिने पावती बघितली आणि तिच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "गणपतीवाली पिकली." मग तिला आठवलं आणि ती ओशाळली.

"काकी, काय करू या? बचत खात्यात घालू?"

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. टेम्पोचं भाडं द्यायचं होतं, बदलापूरला आईसाठी कमोडची खुर्ची घ्यायची होती. शिवाय भावाच्या घराजवळच्या बँकेत ज्येष्ठांना दर थोडा जास्त होता, आणि इथलं खातं बंद केलं तर मागे धावपळ राहणार नव्हती.

"परत ठेव," आई मुलीला म्हणाली.

"किती मुदतीची?"

"फुडल्या गणपतीपर्यंत."

मुलगी वर्षाची मुदत टाकायला लागली तसं आईने खिडकीवर बोट आपटलं. "वर्षाची नको. आमच्या ह्यांची तशीच चूक झालेली. आधी तारीख बघ." मुलीने फोनमध्ये पुढच्या वर्षीची चतुर्थी शोधली. मी कागदावर दिवस मोजले, आधीचे आठ दिवस वजा केले, आणि आकडा तिला दिला.

"आणि काकी, आता तुम्ही बदलापूरला जाताय ना? ठेव तिकडच्या शाखेत करून देऊ का? किंवा फोनवरूनच रिन्यू होईल, यायचीही गरज नाही."

"नको," आई म्हणाली. "हयच ऱ्हव दे."

"पण मग सही करायला तुम्हाला इतक्या लांब यावं लागेल."

"येयन की."

मुलीने माझ्याकडे बघितलं. हिशोबाची माणूस मी होते. चार गोष्टी मला सांगता आल्या असत्या, जास्तीच्या व्याजाची, बदलापूरच्या शाखेची, फोनची. मी आईचा चष्मा तिच्या पर्समधून काढून दिला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

बाहेर आल्यावर आई मिरची गल्लीकडे वळली. मसाला घ्यायचा नव्हता, तो दोन महिन्यांपूर्वीच दळून झाला होता. दुकानदाराला तिने एवढंच सांगितलं की पुढच्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी मी इकडे येणार आहे, बँकेत काम आहे.